जन्मतारखेची चौकट

माझ्याकडे एक दोनशे पानी रजिस्टर होतं. लाल कापडी पाठीचं, हिशेबासाठी घेतलेलं. पहिली अकरा पानं हिशेबाचीच आहेत: इंटरनेटचे तास, प्रिंटचे पैसे, कुणाची उधारी. बाराव्या पानापासून मात्र वेगळ्याच नोंदी सुरू होतात. ‘जिल्हा निवडला, तालुका येत नाही.’ ‘बटण दाबलं, काही होत नाही.’ ‘तारीख हाताने टाकू देत नाही.’ प्रत्येक नोंदीपुढे दिवस, वेळ आणि कोणत्या ब्राउझरमध्ये पाहिलं ते लिहिलेलं आहे. २००२ पासून चौदा वर्षं मी ब्रह्मपुरीत बसस्थानकाच्या रस्त्याला सायबर कॅफे चालवला आणि त्याच खोलीत संगणकाचे वर्गही घेतले. जावास्क्रिप्टच्या तयार साधनसंचांचा जो इतिहास पुस्तकांत आवृत्त्यांच्या क्रमांकांनी सांगितला जातो, तो आमच्याकडे या रजिस्टरातून गेला. तो इथून कसा दिसला, ते मला लिहून ठेवायचं आहे.

फॉर्म भरून देणं हा धंदा काही संगणकाने आणला नाही. ब्रह्मपुरी मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्याची तहसील होती, तेव्हापासून कचेरी आली आणि कचेरीबाहेर अर्जनवीस आला. माझ्या लहानपणी तहसीलच्या आवारात झाडाखाली टंकलेखन यंत्र मांडून बसलेले अर्जनवीस मी पाहिलेत. वैनगंगेपलीकडून आलेला माणूस उकिडवा बसून आपलं म्हणणं सांगायचा आणि ते कागदावर उतरायचं. त्या कागदाचा एक गुण तेव्हा कुणाच्या लक्षात आला नव्हता: तो बिघडला तरी चालायचा. शाई फुटली, रकाना चुकला, ‘ब्रह्मपुरी’चं ‘ब्रम्हपुरी’ झालं, तरी बाबू वाचून घ्यायचा. खाडाखोडीशेजारी सही केली की काम पुढे सरकायचं.

वेबचं पान जन्माला आलं तेव्हा त्यातही हाच सोशिकपणा होता. एचटीएमएलचा जुना नियम असा की ब्राउझरला एखादी खूण कळली नाही तर त्याने ती सोडून द्यावी आणि आतला मजकूर दाखवावा. १९९५ साली एचटीएमएलची दुसरी आवृत्ती कागदावर आली, त्यातही हे सांगितलेलं आहे. त्याच वर्षी नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एक छोटी भाषा उभी केली, ती पुढे जावास्क्रिप्ट झाली. फॉर्ममधली चूक पाठवण्याआधीच दाखवणं, चित्र बदलणं, घड्याळ फिरवणं, अशी तिची सुरुवातीची कामं होती. पान तिच्याशिवायही पान असायचं.

आमच्या कॅफेत पहिल्या वर्षी चार संगणक होते आणि एक फोनलाइन. संचारनेटचा १७२२३३ हा नंबर फिरवायचा, मोडेमचा तो लांब किरकिराट ऐकायचा आणि एकच लाइन चौघांत वाटायची. छप्पन केचं मोडेम म्हणायचं, पण सेकंदाला चार-पाच किलोबाइट मिळाले तर दिवस चांगला. पुढे भारनियमनाचे दिवस आले. आमच्याच जिल्ह्यात दुर्गापूरला २३४० मेगावॅटचं वीजकेंद्र असताना आम्ही दिवसाचे कित्येक तास यूपीएसच्या शिट्टीवर बसलेलो असायचो. यूपीएस पंधरा मिनिटं द्यायचा. पंधरा मिनिटांत फॉर्म भरून पावती काढायची, हे आमचं मोजमाप होतं.

मराठी दिसणं हा तेव्हाचा पहिला प्रश्न. सरकारी कचेऱ्यांत सी-डॅकचे फॉन्ट, प्रत्येक वर्तमानपत्राचा आपला वेगळा फॉन्ट. ते फॉन्ट वाचकाच्या यंत्रावर आपोआप उतरावेत म्हणून एक्स्प्लोररसाठी एका जातीची फाइल असायची, नेटस्केपसाठी दुसऱ्या. फाइल उतरली तर बातमी, नाही तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. पान तसं पूर्ण आलेलं असायचं, फक्त वाचता यायचं नाही. युनिकोड त्याआधीच आलेलं होतं, पण विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसायला मूळ सीडी घालून भारतीय लिप्यांच्या फायली वेगळ्या बसवाव्या लागत. ती सीडी मी कुलपात ठेवत असे. बसवलं की नाही ते तपासायला मी नेहमी एकच शब्द टाइप करायची: ब्रह्मपुरी. त्यात ‘ब्र’ आहे, ‘ह्म’ आहे, ऱ्हस्व उकार आहे, शेवटी दीर्घ वेलांटी आहे. काही कमी असेल तर पाय मोडलेला ब, सुटा र, सुटा ह अशी रांग दिसायची. आमच्या गावाच्या नावाइतकी चांगली परीक्षा मला दुसरी सापडली नाही.

याच काळात मराठी संकेतस्थळांवर लिहिण्याच्या चौकटीत एक नवी गोष्ट आली. रोमन अक्षरं टाइप करा, चौकटीत देवनागरी उमटते. ओंकार जोशी यांचं ‘गमभन’ हे त्यातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. ते जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं होतं आणि पानातल्या साध्या टेक्स्टएरियाला चिकटायचं. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते उदाहरण म्हणून दाखवायची. स्क्रिप्ट आली तर मराठी. लाइन मध्येच तुटली आणि स्क्रिप्ट नाही आली, तर चौकट तरीही चौकटच राहते. रोमनमध्ये लिहा, दुसरीकडून देवनागरी मजकूर आणून चिकटवा, पाठवा. काम अडत नाही, फक्त सोय कमी होते. ‘ग्रेसफुल डिग्रेडेशन’ हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता. सोय जाते पण काम राहतं, एवढंच मी फळ्यावर लिहिलं होतं.

मग २००५ साल आलं. आदल्या वर्षी जीमेल निघालं होतं, त्या फेब्रुवारीत गूगलचे नकाशे आले आणि जेसी जेम्स गॅरेट यांनी या साऱ्या तंत्राला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. पान पुन्हा न मागवता आतला तुकडा बदलायचा. पुढच्या दोन-तीन वर्षांत साधनसंचांची रांग लागली: प्रोटोटाइप, डोजो, याहूचं वायूआय, जॉन रेसिग यांचं जेक्वेरी, एक्स्ट. कॅलेंडर, टॅब, झाडासारखी उलगडणारी यादी, सरकणारी पट्टी, सगळं तयार मिळायचं. त्यांना विजेट म्हणत. माझ्यापर्यंत ते संगणक मासिकासोबत येणाऱ्या सीडीवरून पोचले, कारण एवढं उतरवून घेणं आमच्या लाइनला झेपणारं नव्हतं. एक्स्टची सगळी मिळून एक फाइल अर्ध्या एमबीच्या घरात होती. सेकंदाला चार केबी धरा: दोन मिनिटं नुसती ती फाइल. मधल्या वेळात पान पांढरं.

मला वेबपानं बनवायची आवड लागली होती आणि शिकताना मी एक शिस्त धरली होती. लिहिलेलं प्रत्येक पान, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरला द्यायचं. जेराल्ड ऑस्कोबॉयनी यांनी सुरू केलेली ही तपासणी एखाद्या कडक मास्तरसारखी एकेक ओळ दाखवून चूक सांगायची, आणि सगळं बरोबर असलं की वर हिरवी पट्टी यायची. रात्री लाइन मोकळी असताना मी त्या पट्टीसाठी जागलेली आहे.

डोजोने माझी ती पट्टी घालवली. अ‍ॅलेक्स रसेल आणि त्यांच्या साथीदारांनी २००४ मध्ये सुरू केलेला हा संच मला मनापासून आवडला होता. त्यांची पद्धत अशी: तुम्ही नेहमीचा इनपुट लिहा आणि त्याच्या अंगावर ‘डोजोटाइप’ नावाचा एक गुणधर्म लावा, त्यात विजेटचं नाव. पान उघडलं की डोजोचा वाचक सगळं पान पालथं घालतो, तो गुणधर्म दिसेल तिथे साध्या चौकटीच्या जागी कॅलेंडरवाली चौकट बसवतो. लिहायला सोपं, वाचायलाही सोपं. पण एचटीएमएल ४.०१ च्या व्याकरणात असा गुणधर्मच नव्हता. व्हॅलिडेटर म्हणायचा, असा गुणधर्म अस्तित्वात नाही. चौदा विजेट, चौदा चुका. डोजोवाल्यांचं उत्तर होतं की व्याकरण सांभाळायचं असेल तर विजेट पानात न लिहिता स्क्रिप्टमधून बनवा, तीही सोय आहे. जेक्वेरीचा मार्ग वेगळा होता. नवा गुणधर्म लावायचाच नाही, सीएसएससारखं क्लासवरून किंवा आयडीवरून चौकट शोधायची आणि मग तिला सजवायचं. वायूआयमध्ये मेनू साध्या यादीतून उभा राहायचा, माहितीचा तक्ता साध्या टेबलमधून. स्क्रिप्ट नसली तर यादी यादी म्हणून आणि टेबल टेबल म्हणून वाचता यायचं.

मी वर्षभर हिरव्या पट्टीच्या बाजूने होते. वर्गात तसंच शिकवलं. माझा समज बदलला तो रजिस्टरमुळे. एका संध्याकाळी मी दोन पानं शेजारी उघडली. एक डोजोचं, चौदा चुकांचं. दुसरं सगळं स्क्रिप्टमधून उभं राहणारं, ज्याच्या मूळ पानात एका रिकाम्या डिव्हशिवाय, म्हणजे रिकाम्या कप्प्याशिवाय, काही नव्हतं आणि ज्याला व्हॅलिडेटरने हिरवी पट्टी दिली होती. मग मी ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बंद केली आणि दोन्ही पुन्हा उघडली. चुकांच्या पानावर चौदा साध्या चौकटी उरल्या आणि खाली पाठवण्याचं बटण. हिरव्या पट्टीच्या पानावर काहीच उरलं नाही. रिकाम्या पानात व्याकरणाची चूक कुठून निघणार? त्या रात्री रजिस्टरात मी लिहिलंय: ‘शुद्ध असणं आणि टिकणं वेगवेगळं. दोन्ही तपासायचं.’

शुद्धता बिनकामाची मात्र नाही, हेही त्याच रजिस्टरात आहे. एका फॉर्मवर अर्जदाराची जन्मतारीख आणि वारसाची जन्मतारीख अशा दोन चौकटी होत्या, दोघींना एकच आयडी दिलेला. एका पानात एक आयडी एकदाच, हा व्याकरणाचा नियम. विजेट आयडीवरून चौकट शोधतं आणि पहिली सापडली की थांबतं. म्हणून वरचं कॅलेंडर उघडायचं, खालचं कधीच नाही. व्हॅलिडेटरला दाखवलं असतं तर एका ओळीत कळलं असतं. चौकटीला तिचं लेबल जोडलेलं नसेल तर डोळस माणसाला फरक पडत नाही. पण माझ्याकडे एक अंध विद्यार्थी एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून बसायचा. त्याच्या कानात फक्त ‘एडिट, रिकामं’ एवढंच यायचं. नाव की गाव की तारीख, ते तो मला विचारायचा. ‘मॅडम, हे कशाचं आहे?’ वीस चौकटींचा फॉर्म म्हणजे वीस वेळा.

आता ती जन्मतारखेची गोष्ट.

२००८ सालचा जून. ब्रह्मपुरीचा उन्हाळा ज्यांनी भोगलाय त्यांना सांगायला नको. कूलर चालू होता आणि तरी मॉनिटरला हात लावला की तापलेला. एका प्रवेशाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. कोणत्या संस्थेचा ते लिहिणार नाही, तेव्हा असे फॉर्म सगळीकडेच होते. नदीपलीकडच्या गावातून एक मुलगी वडिलांसोबत आली होती. वडील रोवणीच्या आधीची बांधीची कामं सोडून आलेले, पायाला चिखल सुकलेला. संध्याकाळचे सव्वापाच, सहाला खिडकी बंद. नाव झालं, पत्ता झाला, टक्केवारी झाली. जन्मतारखेच्या चौकटीशी ती थांबली.

‘मॅडम, तारीख घेऊनच नाही राहिली.’

मी उठून पाहिलं. चौकटीशेजारी कॅलेंडरचं छोटं चित्र होतं, ते दाबून तारीख निवडायची. चित्र दाबलं, काही नाही. खाली डाव्या कोपऱ्यात एक्स्प्लोररचा तो पिवळा त्रिकोण: पानावर चूक आहे. कॅलेंडरची स्क्रिप्ट अर्ध्यात तुटली होती. बरं, हाताने टाइप करावं तर चौकट ‘रीडओन्ली’. कुणी चुकीच्या पद्धतीने तारीख टाकू नये म्हणून बनवणाऱ्याने ती बंद करून ठेवली होती. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर कॅलेंडर दर वेळी उघडत असणार.

पान पुन्हा मागवलं. भरलेलं सगळं गेलं. पुन्हा भरलं. पुन्हा त्रिकोण. पाच पस्तीस. वडील दारात उभे राहून नुसते बघत होते. ‘बाई, होते का?’ एवढंच त्यांनी दोनदा विचारलं.

एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत त्या काळी थेट स्क्रिप्टची ओळ लिहिता यायची. मी पानाचा स्रोत उघडला, जन्मतारखेच्या चौकटीचं नाव शोधलं, पट्टीत ‘जावास्क्रिप्ट’ आणि दोन टिंबं लिहून पुढे टाकलं: या दस्तऐवजातला पहिला फॉर्म, त्यातली ही चौकट, तिचं रीडओन्ली खोटं. एंटर. मुलीला म्हटलं, आता टाइप कर. तिने एकेक आकडा दाबला आणि तो उमटला. सुदैवाने पाठवण्याचं बटण खरं सबमिट बटण होतं, स्क्रिप्टवर टांगलेली लिंक नव्हती. दाबलं आणि पान पुढे गेलं. पाच बावन्नला पावती निघाली. डॉट मॅट्रिक्सच्या त्या कागदावर वडिलांनी हात फिरवून पाहिला.

त्या दिवशी मला आनंद झाला नाही, राग आला. ती मुलगी ज्या कॅफेत गेली तिथे पत्त्याच्या पट्टीत ओळ लिहिणारं कुणी नसतं तर? तेव्हा साकोली, सिंदेवाही, कुरखेडा, आरमोरी, कुठल्या कुठल्या कॅफेत त्याच संध्याकाळी किती जण त्याच चौकटीशी अडले असतील, हे कुठेही मोजलं गेलं नाही. कारण जो फॉर्म पाठवलाच गेला नाही त्याची नोंद सर्व्हरवर राहत नाही.

मोजणी झाली ती पुढे, दुसऱ्या देशात. २०१३ साली ब्रिटन सरकारच्या गव्ह-यूके या संकेतस्थळाने तपासलं की किती वाचकांना जावास्क्रिप्टने दिलेली सोय मिळत नाही. उत्तर आलं १.१ टक्के. त्यातही जावास्क्रिप्ट मुद्दाम बंद केलेले किंवा ती नसलेला ब्राउझर वापरणारे फक्त ०.२ टक्के. उरलेल्या ०.९ टक्क्यांच्या ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चालायला हवी होती, पण त्या वेळी काही तरी कारणाने ती चालली नाही. तो आकडा वाचला तेव्हा मला वाटलं, हे आमचं वर्णन आहे. आम्ही काही बंद केलेलं नव्हतं.

पान बनवण्याच्या या रीतीच्या उलटा विचार स्टीव्हन शॅम्पन यांनी २००३ मध्येच मांडला होता. आधी भरजरी पान बनवून मग ते खालच्या ब्राउझरमध्ये कसंबसं टिकवायचं, त्याऐवजी साध्या, शुद्ध पानापासून सुरुवात करायची आणि ज्याला झेपेल त्याला वरची सोय द्यायची. याला ते ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ म्हणाले. जेरेमी कीथ यांनी तेच एजॅक्सला लावलं: लिंक खरी ठेवा, फॉर्म खरा ठेवा, स्क्रिप्ट आली तर तिने मध्ये येऊन काम हाती घ्यावं. मी हे २००९ च्या सुमारास वाचलं. मला त्यात नवं असं काही दिसलं नाही. आपल्या अनुभवाला कुणी तरी नाव दिलंय असं वाटलं.

त्याचा उपयोग मी एकदा मनासारखा केला. नदी ओलांडली की अठरा-वीस किलोमीटरवर वडसा, झाडीपट्टी रंगभूमीचं माहेर. दिवाळी ते होळी या हंगामात गावोगावी शंकरपट आणि मंडई, आणि रात्रभर नाटक. गावकरी वडशाला येऊन कंपनीची तारीख धरतात. एका कंपनीच्या मालकांना २०१० मध्ये आपल्या मोकळ्या तारखा इंटरनेटवर हव्या होत्या. मी आधी एक साधं टेबल लिहिलं: तारीख, वार, गाव, ‘ठरली’ किंवा ‘मोकळी’, आणि खाली फोन नंबर. व्हॅलिडेटरकडून ते शुद्ध करून घेतलं. मग जेक्वेरीची वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली, ती त्या टेबलमधल्याच ओळी वाचून महिन्याचं रंगीत कॅलेंडर काढायची आणि टेबल झाकायची. मालक खूश, कॅलेंडर सुंदर दिसत होतं.

पण खरा उपयोग झाला टेबलचा. गावातली पोरं नोकियाच्या फोनवर ऑपेरा मिनीत पान उघडायची. तिथे माझी स्क्रिप्ट नीट चालायची नाही, कॅलेंडर यायचं नाही, टेबल यायचं. मराठीच्या जागी चौकोन दिसले तर ऑपेराच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट ‘होय’ करायचं. मग अक्षरं चित्र होऊन यायची, जरा फिकट, पण ‘ब्रह्मपुरी’ अखंड. ही युक्ती फोन विकणारा दुकानदारसुद्धा सांगायचा. एका गावच्या मंडळाने बांधावर उभं राहून तारीख पाहिली आणि तिथूनच फोन लावला, हे मालकांनी मला कौतुकाने सांगितलं होतं. त्या पोराला कॅलेंडर होतं हे ठाऊकच नव्हतं.

पुढे डोजोने माझ्या चौदा चुकांचं उत्तर दिलं. एचटीएमएल ५ च्या मसुद्यात ‘डेटा’ या अक्षरांनी सुरू होणारा कोणताही गुणधर्म लेखकाला आपल्या मर्जीने वापरायची मुभा आली होती. २०११ च्या डोजो १.६ मध्ये जुन्या गुणधर्माच्या जागी ‘डेटा-डोजो-टाइप’ आला आणि व्हॅलिडेटर गप्प झाला. आपल्या बाजूने लोक भांडत राहिले म्हणून व्याकरणच रुंद झालं, हे मला फार चांगलं वाटलं. डोजोबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या विजेटमध्ये कीबोर्डने चालणं आणि स्क्रीन रीडरला कळणं यावर आयबीएमच्या लोकांनी खूप आधीपासून मेहनत घेतली होती. ‘एरिया’ नावाचं त्यासंबंधीचं मानक २०१४ मध्ये पक्कं झालं, पण डोजोत ते काम कितीतरी आधी दिसत होतं. साधनसंच बनवणारे सगळे निष्काळजी होते असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य नाही.

व्याकरणाच्या बाजूने अतिरेकही झाला. २००० सालच्या एक्सएचटीएमएलमध्ये, पान काटेकोर पद्धतीने पाठवलं, तर एक खूण बंद करायची राहिली म्हणून फायरफॉक्स सगळं पान नाकारून पिवळ्या पटावर चूक छापायचा. एक्स्प्लोररला तर नवव्या आवृत्तीपर्यंत तसं पाठवलेलं पान उघडताच यायचं नाही. खाडाखोड दिसली म्हणून अर्ज फाडून टाकणारा बाबू आमच्या तहसिलीतही कुणी पाहिला नव्हता. एचटीएमएल ५ ने तो हट्ट सोडला आणि चुकीचं पान कसं सावरून वाचायचं हेच नियमात लिहून टाकलं, त्यामुळे सगळे ब्राउझर एकसारखं सावरू लागले. म्हणूनच सुगम्यतेच्या जागतिक नियमावलीतून, म्हणजे डब्ल्यूसीएजीच्या २.२ या आवृत्तीतून, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये व्याकरणशुद्धीचं स्वतंत्र कलम काढून टाकलं गेलं. मला हा निर्णय पटतो. लेबल जोडलेलं हवं, नाव आणि भूमिका कळायला हवी, ही कलमं तिथे कायम आहेत, आणि माझा तो विद्यार्थी त्यांच्याच जिवावर फॉर्म भरतो.

मधल्या काळात सगळं ऑनलाइन झालं. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आला, दाखले संगणकावर आले, २०१६ नंतर प्रत्येक हातात फोरजी आलं. मी कॅफे बंद केला. वाटलं होतं, रजिस्टरची गरज संपली. संपली नाही. आता जाळं वेगवान आहे म्हणून पानं कितीतरी पट जड झाली, आणि पुष्कळ ठिकाणी तो जुना रिकामा डिव्ह परत आलाय, ज्यात स्क्रिप्ट पोचेपर्यंत काहीच नसतं. ताडोब्याच्या बाजूच्या गावात, एकाच टॉवरवर सगळं गाव असताना, पांढऱ्या पडद्यावर गोल फिरणारं चक्र बघत बसलेली माणसं मी आजही पाहते.

जन्मतारखेचं मात्र काही चांगलं झालं. आता एचटीएमएलमध्येच तारखेची चौकट आहे, इनपुटचा प्रकार ‘डेट’ लिहिला की झालं. क्रोममध्ये ती २०१२ ला आली, फायरफॉक्समध्ये २०१७ ला, मॅकवरच्या सफारीत २०२१ ला. ज्या ब्राउझरला ती कळत नाही तो तिला साधी चौकट समजतो आणि तारीख हाताने लिहू देतो. कॅलेंडर ब्राउझरचं, स्क्रिप्ट लागत नाही, अर्ध्यात तुटायला काही नाही. त्या जूनमध्ये असती तर सव्वापाचला आलेली मुलगी साडेपाचला घराच्या वाटेला लागली असती.

रजिस्टर मी गेल्या वर्षी इथल्याच एका कॉलेजच्या पोरांना दिलं. ती फॉर्म बनवतात, पुण्या-नागपूरच्या कामांवर घरून बसून. तुम्हीही बनवत असाल तर एवढं करा. पान कुणाच्या हाती देण्याआधी ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बंद करा आणि तो फॉर्म एकदा स्वतः भरा, पहिल्या चौकटीपासून शेवटच्या बटणापर्यंत. गावाच्या रकान्यात ब्रह्मपुरी लिहा. पावती निघाली तरच ते पान पुढे जाऊ द्या.